बिल आधी पोर्टलवर, मग प्रिंटरवर

खामगावात किंवा मलकापुरात एखाद्या मोठ्या ठोक-चिल्लर दुकानाच्या काउंटरपाशी थोडा वेळ थांबलं, की बिलांचे दोन प्रकार लगेच ध्यानात येतात. बहुतेक गिऱ्हाइकं माल घेतात, फोनवरून पैसे पाठवतात आणि पावतीची वाटही न पाहता निघून जातात. मधूनच नांदुऱ्याचा किंवा मेहकरचा एखादा छोटा दुकानदार येतो, चार पेट्या काढायला सांगतो आणि म्हणतो, "भाऊ, बिल पक्कं द्या बरं, आमचा जीएसटी नंबर टाकून." काउंटरवरच्या पोराच्या दृष्टीनं तो पंधरा अक्षरांचा नंबर म्हणजे भरायचा आणखी एक रकाना. कायद्याच्या दृष्टीनं मात्र तिथून पुढची सगळी वाट वेगळी होते. दुकानाची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेली असेल, तर हे बिल नुसतं छापून देता येत नाही. ते आधी सरकारमान्य पोर्टलवर नोंदवायचं, तिथून त्याचा नंबर आणि क्यूआर कोड आणायचा, मग छापायचं. हेच ई-इनव्हॉइस. बिलाची पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली म्हणजे ई-इनव्हॉइस झालं, असं समजणारे अजूनही भेटतात. त्या पीडीएफचा या नियमाशी काही संबंध नाही.

नियम आला तो वरून खाली, पायरीपायरीनं. जीएसटी परिषदेनं सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्याच्या बैठकीत ई-इनव्हॉइसचा नमुना मान्य केला. १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींवरच्या कंपन्यांना तो लागू झाला, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात कुणी फारशी दखल घेतली नसेल. १ जानेवारी २०२१ ला शंभर कोटी, त्याच वर्षी १ एप्रिलला पन्नास, १ एप्रिल २०२२ ला वीस, १ ऑक्टोबर २०२२ ला दहा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी. ही शेवटची पायरी तालुक्याच्या बाजारपेठेत उतरली. वर्षाला पाच कोटी म्हणजे रोजची साधारण दीड-पावणेदोन लाखांची विक्री. खत-औषधांचे वितरक, सिमेंट-लोखंडवाले, ट्रॅक्टरच्या एजन्स्या, किराण्याचे ठोक व्यापारी, खामगावचे चांदीवाले आणि जिनिंगवाले यांतले कितीतरी जण या रेषेच्या अलीकडे-पलीकडेच असतात. शेगावची कचोरी मात्र निर्धास्त आहे. खाणाऱ्याला विकलेल्या मालाला ई-इनव्हॉइस लागत नाही, दुकान कितीही चालो.

उलाढाल मोजताना गफलत होते ती दोन ठिकाणी. पहिली म्हणजे हिशेब दुकानाचा नसतो, पॅन नंबरचा असतो. खामगावचं दुकान, अकोल्याची शाखा आणि बऱ्हाणपुरातलं गोदाम एकाच पॅनवर असेल, तर तिन्हींची विक्री एकत्र धरायची. त्यात करमाफ मालही येतो. एखाद्या कृषी केंद्राची निम्मी विक्री बियाण्याची असली आणि बियाण्यावर जीएसटी शून्य असला, तरी ती रक्कम उलाढालीत मोजली जाते. फक्त त्या करमाफ विक्रीच्या बिलाला ई-इनव्हॉइस लागत नाही, एवढंच.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. उलाढाल 'गेल्या वर्षीची' पाहायची नसते. २०१७-१८ पासून मागच्या कुठल्याही एका आर्थिक वर्षात मर्यादा ओलांडली असेल, तरी नियम लागू. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. नेहमी साडेतीन-चार कोटींची उलाढाल करणारं छोटं जिनिंगसुद्धा त्या एका वर्षात पाच कोटींची रेषा सहज पार करून गेलं असेल. पुढे भाव उतरले, उलाढाल उतरली, पण नियम उतरला नाही. मालक मात्र चालू वर्षाचे आकडे दाखवून म्हणतो, "आम्ही त्यात बसत नाही." तो बसतो.

जिनिंगचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या रेल्वेशाखेच्या उद्घाटनाला आले होते, ते वऱ्हाडचा कापूस लवकर मुंबई बंदराला लागावा म्हणून. आज त्याच बाजारातून गाठी बाहेर पडतात तेव्हा जिनिंगवाल्याला प्रत्येक विक्रीचं ई-इनव्हॉइस करावं लागतं. पण तोच जिनिंगवाला शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा उलटा प्रकार असतो. नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर घेणाऱ्यानं भरायचा आहे. त्यासाठी तो स्वतःच स्वतःच्या नावानं बिल करतो, आणि शेतकऱ्याची नोंदणी नसल्यामुळे त्या बिलाला ई-इनव्हॉइसची गरज नसते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही व्यवहार 'पक्कं बिल' या एकाच खान्यात टाकलेले असतात आणि खरेदीचं बिलही पोर्टलकडे धाडलं जातं. तिथून ते नापास होऊन परत येतं, आणि ऑपरेटर अर्धा दिवस चूक शोधत बसतो.

आता पोर्टलवर नेमकं काय घडतं ते पाहू. बिलाचा तपशील ठरावीक साच्यात, जेसन नावाच्या फाइलमध्ये, नोंदणी पोर्टलकडे जातो. या पोर्टलला आयआरपी म्हणतात. ते मुळात एनआयसी या सरकारी संस्थेनं चालवलं, नंतर काही खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. पोर्टल चार गोष्टी घेतं: विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर. त्यांच्यावर गणिताची एक क्रिया करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ तयार होते. हा आयआरएन. या चारपैकी एक अक्षर जरी बदललं तरी ओळ पूर्ण वेगळी येते. म्हणून एका वर्षात एका नंबरचं एकच बिल नोंदवता येतं. पोर्टल त्यावर आपली डिजिटल सही करतं आणि क्यूआर कोड परत पाठवतं. वजनमापं विभाग काट्यावर शिक्का मारतो तेव्हा तुम्ही साखर कोणत्या भावानं विकता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इथेही पोर्टल माल खरा की खोटा हे ठरवत नाही. ठरलेल्या साच्यातलं बिल ठरलेल्या माणसानं नोंदवलं, एवढीच त्याची हमी.

हा शिक्का नसेल तर काय? जीएसटी नियमावलीचा नियम ४८ सांगतो, की ज्याला हे लागू आहे त्यानं आयआरएनशिवाय दिलेलं बिल हे बिलच नव्हे. दंड किमान दहा हजार किंवा तेवढ्या कराइतका, यांतला जो जास्त असेल तो. पण दुकानदाराला दंडापेक्षा जवळचा धाक गिऱ्हाइकाचा असतो. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट तेव्हाच मिळते, जेव्हा विकणाऱ्यानं ते बिल आपल्या विवरणात दाखवलेलं असतं आणि ते घेणाऱ्याच्या खात्यात उतरलेलं असतं. ई-इनव्हॉइस झालं की नोंद आपोआप विवरणात जाते. न झालं तर मेहकरचा दुकानदार पुढच्या महिन्यात फोन करतो: "तुमचं बिल दिसून नाही राहिलं." दोनदा असा फोन करावा लागला की तिसऱ्यांदा तो माल दुसरीकडून भरतो.

आता खरा प्रश्न: काउंटरवरचं बिलिंग मशीन या पोर्टलशी जोडायचं कसं? मोठ्या शहरातल्या साखळी दुकानांत हे काम त्यांची संगणक शाखा करते. इथे साधारण चित्र असं असतं: काउंटरवर एक बिलिंगचं सॉफ्टवेअर, आतल्या खोलीत हिशेबाचं टॅली, आणि सीएकडे पोर्टलचा पासवर्ड. तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही. दिवसभराची बिलं संध्याकाळी टॅलीत चढतात, आणि जीएसटी नंबरवाली बिलं रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पोर्टलवर. तोवर माल नांदुऱ्याला पोचलेला असतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात क्यूआर नसलेला कागद. कायद्याचं कलम ३१ म्हणतं, की माल हलवताना किंवा त्याआधीच बिल द्यायचं. संध्याकाळच्या पद्धतीत नेमकं हेच चुकतं.

जोडणीचे मार्ग तीन. सगळ्यात साधा म्हणजे एनआयसीनं फुकट दिलेल्या साधनात एक्सेलवर तपशील भरायचा, फाइल चढवायची, आयआरएन घ्यायचा. आठवड्याला पाच-सहा पक्की बिलं असतील तर हे पुरतं. त्याला नाकं मुरडणारे बहुधा सॉफ्टवेअर विकणारे असतात. दुसरा मार्ग हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. काउंटरवरचं पक्कं बिल थेट टॅलीतच करायचं आणि टॅलीनं पोर्टलला विचारून छापायचं. तिसरा मार्ग खऱ्या अर्थानं जोडणीचा: काउंटरवरच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच, पडद्यामागे, पोर्टलला बिल पाठवायचं आणि दोन-चार सेकंदांत उत्तर आणून छापायचं. यासाठी एपीआय नावाची व्यवस्था आहे. लहान व्यापारी सहसा ती थेट वापरत नाही. जीएसटी सुविधा पुरवठादार, म्हणजे जीएसपी, मधे असतो आणि बिलामागे काही पैसे किंवा वर्षाचं शुल्क घेतो.

माझं मत विचाराल तर तालुक्याच्या दुकानात सगळेच काउंटर जोडण्याचा हट्ट नको. जीएसटी नंबरवाल्यांसाठी एक काउंटर ठरवा, तिथे कळता माणूस बसवा आणि तेवढाच जोडा. चिल्लरची रांग अडत नाही, आणि पासवर्ड चार हातांत जात नाहीत. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला हे आवडणार नाही, कारण परवाना काउंटरमागे असतो.

एक काउंटर जोडायचा म्हटला तरी पहिला आठवडा जातो तो आकड्यांच्या भांडणात. चिल्लर विक्रीत किंमत करासकट असते, ई-इनव्हॉइसच्या साच्यात ती कराआधीची द्यावी लागते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यावर छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. कर ५ टक्के, म्हणजे राज्याचा अडीच आणि केंद्राचा अडीच. उलट भागाकार केला की मूळ किंमत येते २५३.८१. तिच्यावर अडीच टक्के म्हणजे ६.३४५२५, पैशात बसवले की ६.३५. दोन्ही कर मिळून १२.७०. बेरीज झाली २६६.५१. पोत्यावर छापलंय त्यापेक्षा एक पैसा जास्त! गिऱ्हाईक पैशावरून भांडत नाही, मशीन भांडतं. पोर्टल प्रत्येक आकडा स्वतः गुणून पाहतं आणि एक रुपयापर्यंतचा फरक चालवून घेतं. आता गणितापुरती २५० पोती धरा. सॉफ्टवेअर पोत्यागणिक कर काढून बेरीज करत असेल, तर एका बाजूचा कर येतो १५८७.५०. पोर्टल अख्ख्या ओळीवर गुणतं, त्याचं उत्तर १५८६.३१. फरक एक रुपया एकोणीस पैसे. बिल नापास. उपाय अगदी सोपा आहे: कर नगावर काढायचा नाही, ओळीच्या एकूण रकमेवर काढायचा, आणि उरलेले पैसे 'राउंड ऑफ'च्या रकान्यात टाकायचे. पण हे सॉफ्टवेअर घेताना कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

आकड्यांइतकाच त्रास मालाच्या यादीचा. पाच कोटींच्या वरच्या दुकानाला प्रत्येक वस्तूचा एचएसएन, म्हणजे वर्गवारीचा, कोड सहा आकडी द्यावा लागतो. दुकानाच्या जुन्या यादीत निम्म्या वस्तूंना चार आकडी असतो, काहींना नसतोच, आणि 'इतर' नावाच्या एका वस्तूखाली दहा प्रकारचा माल विकला जात असतो. एककंही सरकारी यादीतलीच चालतात: बॅग, क्विंटल, किलो, ग्रॅम, नग. 'कट्टा' नाही, 'गड्डी' नाही. पत्त्यातला पिनकोड राज्याशी जुळावा लागतो. खामगावचा ४४४३०३ लिहायचा आणि राज्य मध्य प्रदेश निवडायचं, असं झालं की बिल परत. सॉफ्टवेअर जोडायला दोन तास लागतात, ही यादी साफ करायला दोन महिने. हे काम बाहेरून आलेला मुलगा करू शकत नाही. कोणत्या डब्यात काय आहे हे जुन्या दिवाणजीलाच माहीत असतं.

मध्य प्रदेशची गोष्ट काही अपवादाची नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूरचे तालुके सातपुड्याला टेकलेले, मलकापुराहून बऱ्हाणपूर रस्त्यानं जवळ. तिकडचे व्यापारी इकडे माल भरायला येतात. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २७ म्हणजे महाराष्ट्र, २३ म्हणजे मध्य प्रदेश. २७ वाल्याला इथेच माल दिला तर कर दोन भागांत लागतो, केंद्राचा आणि राज्याचा. २३ वाल्याचा माल बऱ्हाणपूरला जाणार असेल तर एकच, आयजीएसटी. हे काउंटरवरच्या माणसानं ठरवायचं नाही, नंबर आणि माल जाण्याचं ठिकाण टाकताच सॉफ्टवेअरनं ठरवायचं. नंबरात पुढची दहा अक्षरं पॅन असतात आणि अगदी शेवटचं अक्षर तपासणीचं. आधीची चौदा बरोबर असतील तरच ते जुळतं. म्हणजे घाईत 'ओ'च्या जागी शून्य पडलं तर सॉफ्टवेअरला इंटरनेटशिवायही चूक पकडता येते. ही तपासणी न करणारं बिलिंग सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

गिऱ्हाइकाच्या सवयी मात्र सॉफ्टवेअर बदलू शकत नाही. साधं बिल घेऊन गेलेला माणूस तीन दिवसांनी येतो: "दादा, त्या बिलावर आमचा नंबर टाकून द्या ना." पूर्वी पेनानं लिहून, शिक्का मारून काम भागायचं. आता ते बिल साध्या प्रकारात नोंदलं गेलेलं असतं. सरळ मार्ग म्हणजे त्यापोटी क्रेडिट नोट काढायची आणि नवं ई-इनव्हॉइस करायचं. म्हणून बिल करण्याआधीच "जीएसटी नंबर टाकायचा का?" हे विचारायची सवय लावलेली बरी. तो नंबर कॉम्पोझिशनवाल्या छोट्या दुकानदाराचा असला, म्हणजे त्याला कराची वजावट मिळतच नसली, तरी ई-इनव्हॉइस करावंच लागतं. सरकारी कचेरीलाही तेच. १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकानं स्पष्ट केलं, की फक्त टीडीएस कापण्यासाठी जीएसटी नोंदणी घेतलेल्या सरकारी खात्यांना, नगर परिषदांना विकलेल्या मालालाही हा नियम आहे. जिल्हा परिषदेला कागद-शाई पुरवणाऱ्या स्टेशनरीवाल्यांपैकी ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

नेट गेलं तर? लोणार किंवा सिंदखेड राजाच्या बाजारात हा प्रश्न रोजचा. भारताच्या व्यवस्थेत या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, कारण शिक्का पोर्टलवरूनच येतो. दहा कोटी आणि वरच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत ते पोर्टलवर चढवावं लागतं, त्यानंतर पोर्टल घेत नाही. त्याखालच्यांना अशी मुदत नाही. काही जण याचा अर्थ 'सवडीनं करा' असा लावतात. पण गाडीत माल घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला रस्त्यात अडवलं, तर ती सवड त्याच्या कामी येत नाही. व्यवहारात दोन गोष्टी करता येतात. एक, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेला राउटर. दोन, सॉफ्टवेअरमध्ये रांग: नेट नसताना बिल 'अर्धवट' म्हणून साठवायचं, नेट आलं की आपणहून पाठवायचं, आणि क्यूआर गिऱ्हाइकाच्या फोनवर धाडायचा. नियमानं तपासणीत छापील प्रतीऐवजी फोनवरचा क्यूआर दाखवलेला चालतो. पोर्टलनं दिलेल्या परवानगीची, म्हणजे टोकनची मुदत सहा तासांची असते. सकाळी नऊला घेतलेलं टोकन दुपारी तीनला संपतं. सॉफ्टवेअरनं ते आपोआप नवं केलं नाही, तर ऐन गर्दीत 'नेट गेलं' असं वाटतं आणि नेट तर चालूच असतं.

याच गोंधळातून जन्मतो तो 'एरर २१५०'. काउंटरवरच्या मुलानं बटण दाबलं, बिल पोर्टलपर्यंत पोचलं, आयआरएन तयार झाला, पण उत्तर परत येताना नेट तुटलं. पडद्यावर काहीच नाही, म्हणून त्यानं पुन्हा दाबलं. पोर्टल म्हणतं: २१५०, या बिलाचा आयआरएन आधीच आहे. मुलगा काय करतो? तो बिल नंबर बदलतो आणि नवं बिल करतो. झालं, एका विक्रीची दोन बिलं, दोन्ही सरकारदरबारी नोंदलेली, कर दोनदा. नीट केलेलं सॉफ्टवेअर २१५० आल्यावर नवं बिल करू देत नाही, जुना आयआरएन मागवून छापून देतं. चुकीचं बिल चोवीस तासांत पोर्टलवर रद्द करता येतं, तेही पूर्ण, अर्धं नाही. त्यावर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना, काढलेलं असेल तर तेही आधी मिटवावं लागतं. चोवीस तास उलटले की क्रेडिट नोट, आणि तिलाही तिचा वेगळा आयआरएन. रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही.

नंबरांचं म्हणाल तर बिल नंबर सोळा अक्षरांच्या आत, अक्षरं, आकडे, तिरपी रेघ आणि जोडरेघ एवढ्यातच बसवायचा. शून्यानं सुरू करायचा नाही. एकापेक्षा जास्त काउंटरवर पक्की बिलं होत असतील तर प्रत्येकाची मालिका वेगळी ठेवावी, 'के२/२५-२६/००४१७' अशी. दोन काउंटरांनी एकच नंबर दिला, तर दुसऱ्याचं बिल पोर्टल घेणारच नाही.

प्रिंटरचं एक सांगायचं राहिलं. या क्यूआरमध्ये पोर्टलच्या सहीसकट बराच मजकूर कोंबलेला असतो, म्हणून तो पैसे देण्याच्या क्यूआरपेक्षा पुष्कळ दाट दिसतो. दोन इंची थर्मल प्रिंटरवर तो काळा डाग होऊन बसतो, फोनला वाचता येत नाही. तीन इंची किंवा साधा ए-फोर बरा. थर्मल कागदावरची छपाई उन्हाळ्यात उडते, आणि नोंदी तर वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम मुदतीपासून सहा वर्षं जपायच्या असतात. पोर्टल तुमची बिलं तुमच्यासाठी सांभाळत बसत नाही, प्रत आपली आपणच ठेवायची.

कृषी केंद्रवाल्याची अडचण मात्र वेगळीच. त्याच्या टेबलावर आधीपासून एक पॉस मशीन आहे, सरकारचं. मार्च २०१८ पर्यंत देशभर खतांचं अनुदान त्या मशीनवर आलं: शेतकऱ्याचा अंगठा, आधार, पोती, आणि मग कंपनीला अनुदान. त्या मशीनला जीएसटीचं काही ठाऊक नाही, आणि जीएसटीच्या सॉफ्टवेअरला अंगठ्याचं. साठा दोन्हीकडे वेगवेगळा उतरतो. खरिपाच्या तोंडावर, मृगाचा पाऊस पडला की, एकच विक्री दोनदा नोंदवताना एकीकडे दहा पोती आणि दुसरीकडे नऊ पडतात, आणि मग कृषी विभाग एका आकड्याचा जाब विचारतो, जीएसटीवाले दुसऱ्याचा. याच दुकानात बियाण्यावर शून्य, खतावर ५ आणि रासायनिक औषधावर १८ टक्के कर. तिन्ही वस्तू एकाच बिलावर. ई-इनव्हॉइसची जोडणी करायची असेल तर इथे कर ओळीनुसार लागलाच पाहिजे. 'बिलाला एक दर' असली सोय असलेलं स्वस्तातलं सॉफ्टवेअर इथे उपयोगाचं नाही.

दर बदलले की यादीची परीक्षा होते. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. ट्रॅक्टर आणि ठिबकचं साहित्य १२ वरून ५ वर आलं, सिमेंट २८ वरून १८ वर. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दराला तारीख जोडलेली होती त्यांचं काम रात्रीत झालं. ज्यांनी जुना दर पुसून नवा लिहिला त्यांना पुढच्या आठवड्यात ठेच लागली, कारण २० तारखेला विकलेला माल २५ ला परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दरानं काढावी लागते.

चांदीच्या दुकानात दर सरळ, तीन टक्के, पण वजावटीची सवय जुनी. गिऱ्हाईक मोड देतं आणि फरकाचे पैसे भरतं. बिलिंगवाला फरकावरच कर लावतो. तसं चालत नाही. नव्या वस्तूची पूर्ण किंमत बिलावर येते, कर तिच्यावर, आणि मोड हा वेगळा खरेदीचा व्यवहार. दागिना घेणाऱ्या घरच्या माणसाला ई-इनव्हॉइस नाही. पण खामगावहून बाहेरगावच्या सराफांना भांडी-मूर्ती ठोकात जातात, त्यांना आहे.

राहिली ती चिल्लरची बिलं. आपल्याकडे ती यातून बाहेर आहेत, पण सौदी अरेबियानं ४ डिसेंबर २०२१ पासून ई-इनव्हॉइसचं काम दुकानांसकट सगळ्यांना लावलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं सरकारी यंत्रणेशी जोडायला सुरुवात केली. तिथे व्यापाऱ्याच्या बिलाला आधी सरकारचा शिक्का लागतो, आपल्यासारखाच. पण चिल्लरच्या बिलावर बिलिंगचं यंत्र स्वतःच सही करतं, क्यूआर छापतं, आणि चोवीस तासांत सरकारला कळवतं. नेट गेलं तरी रांग थांबत नाही. आपल्या जीएसटी परिषदेनं ९ सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत चिल्लर बिलांसाठीही ऐच्छिक प्रयोग करायची शिफारस केली आहे. तो इकडच्या बाजारात कधी उतरेल ते सांगत बसण्यात अर्थ नाही, पण आता नवं बिलिंग मशीन घेणाऱ्यानं एक प्रश्न विचारून ठेवावा: नेट नसताना बिल साठवून मागाहून पाठवता येतं का?

ज्यांची उलाढाल यंदा पहिल्यांदाच पाच कोटींवर जाते आहे, त्यांना नियम १ एप्रिलपासून लागतो. एनआयसीचं चाचणीचं वेगळं पोर्टल आहे, तिथे नकली बिलं पाठवून पाहता येतात, कर लागत नाही, काही बिघडत नाही. मार्चमध्ये सीए फोन उचलत नाही आणि सॉफ्टवेअरवाला मुलगा एकाच दिवशी चिखली आणि देऊळगाव राजा करत असतो. फेब्रुवारीतच एचएसएनची यादी काढायला बसावं, आणि पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते आधी पाहावं. बहुतेक दुकानांत तो मालकाच्या नंबरावर येतो, आणि मालक लग्नाला गेलेला असतो.